बाळंतिणीच्या खोलीतला कोळसा

आमच्या मिरवोहिदला घरातल्या विस्तवाचा भारी अभिमान. तो माझा धाकटा भाऊ, आमची घरं भिंतीला भिंत लागून. मोहल्ल्यात गॅसची नळी आली तेव्हा पहिली जोडणी त्याने घेतली आणि लगोलग जुनी सांदली बुजवून टाकली. सांदली म्हणजे बापजाद्यांची हिवाळ्याची सोय. जमिनीत खड्डा, खड्ड्यात निखारे, वर बुटकं मेज, मेजावर भली मोठी दुलई आणि चहूबाजूंनी पाय आत घालून बसलेलं सगळं घर. मिरवोहिदने त्या खड्ड्यावर फरशी बसवली, फरशीवर गालिचा अंथरला आणि म्हणाला, राखेत पाय घालायचे दिवस गेले. त्याची बायको सनोबर तर गॅसचा हीटर आल्यागेल्याला असा दाखवायची, जसा काही माहेरून आणलाय.

या जानेवारीत थंडीने आमच्या खोऱ्याची हाडं गोठवली. गॅसचा दाब रोज कमी होत गेला आणि शेगडीवरची ज्योत जवसाच्या फुलाएवढी उरली. पाणी ठेवावं, नमाज पढून यावं, तरी ते कोमटच. विजेची शेगडी लावली की अख्ख्या गल्लीचे दिवे जायचे. आणि नेमकी याच वेळी घरात बाळंतीण. इक्रोम हा मिरवोहिदचा एकुलता एक मुलगा, झेबी त्याची बायको. लग्नानंतर कित्येक वर्षं दर्गे आणि डॉक्टर करून झाल्यावर तिला मुलगी झाली, मुनिसा. तिचा चिल्ला चालू होता. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, अंधारात बाहेरच्याने आत यायचं नाही, खोलीत वाऱ्याची झुळूक शिरू द्यायची नाही. चिल्ल्यातल्या बाळंतिणीची कबर चाळीस दिवस उघडी असते असं आमच्यात म्हणतात, म्हणून एवढी राखण.

झेबीच्या आईचा कोकंद शहरात फ्लॅट आहे. तिथे नळातून गरम पाणी येतं, खोल्या ऊबदार असतात. मी म्हटलं, पोरीला तिथे धाडा. सनोबरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बाळ विकायला काढलंय.

मग मिरवोहिदने फरशी उखडली. दोन घावांत खालचा खड्डा उघडा पडला. जाळायला काय, हा खरा प्रश्न होता. पूर्वी कालव्याकाठच्या तुतीच्या आणि अंगणातल्या जर्दाळूच्या फांद्या असायच्या. आता तुती तोडून झाल्यात. पऱ्हाट्या भडाभडा जळतात, पण त्यांचा निखारा उरत नाही. शेवटी त्याने दगडी कोळशाची पोती आणली, अंगणात उतरवली आणि छाती काढून उभा राहिला. म्हणाला, ताई, गॅसवाल्यांच्या नाकावर टिच्चून माझी नात ऊबेत झोपणार.

इक्रोमची गत बापासारखीच. त्याची पांढरी टॅक्सी मिथेनवर चालायची. मिथेन स्वस्त, म्हणून पेट्रोलच्या टाकीत तो वर्षानुवर्षं तळाला ओल राहील एवढंच पेट्रोल ठेवायचा. कोरडा फिरून फिरून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप शरद ऋतूतच जळला. त्याने तो बदलला नाही. बटण दाबून गाडी थेट गॅसवरच चालू करायला शिकला आणि त्याचीच फुशारकी मारायचा. आमच्याकडच्या निम्म्या टॅक्स्या अशाच चालतात. आता थंडीत मिथेनचे पंपही बंद पडायला लागले होते. जो एखादा चालू असे, तिथे पहाटेपासून कालव्यापर्यंत रांग.

त्या दिवशी सकाळी मी झेबीसाठी अताला घेऊन गेले. कणीक तुपात भाजून दुधात शिजवतो आम्ही, बाळंतिणीला ताकदीची. खोलीच्या दाराला आतून घोंगडं लटकवलेलं. खिडक्यांच्या फटींत कापूस कोंबून वर कणकेने कागद चिकटवलेला. वरचं झरोक्याचं दार उशीने बंद. आत पाऊल टाकलं आणि ऊब अशी अंगावर आली की क्षणभर मलाच बरं वाटलं.

सनोबर बाळाजवळ बसली होती. खूश होती.

"बघा वन्सं, गाल कसे लालचुटुक झालेत. ऊब लागली माझ्या सोन्याला. रात्रभर हूं की चूं नाही."

झेबी भिंतीला टेकून बसलेली. मला बघून रीतीप्रमाणे सलाम करायला उठली. आमच्या सुनांच्या ही शिस्त हाडामांसात असते. जेमतेम गुडघ्यावर आली आणि हात मेजावर आपटत खाली बसली. हसायचा प्रयत्न केला, तोही अर्ध्यात सुटला. मी बाळाला उचललं. गालावर बोट ठेवलं तर ते दूध शोधत तोंड वळवत नव्हतं. ओठाला बोट लावलं, तरी नाही. मान माझ्या तळव्यात पिकल्या फळासारखी पडली होती.

"पितेय का ही?"

सनोबर म्हणाली, पहाटेपासून पीत नाही, दृष्ट लागली असणार, काल शेजारीण दारातून डोकावून गेली ना. ती उठली, इसिरिकचा वाळका पाला तव्यावर टाकला आणि त्याची धुरी घेऊन खोलीभर फिरू लागली. आधीच कोंदलेल्या खोलीत आणखी धूर. माझ्या कपाळात कळ आली. मला वाटलं, वय झालं. मग दुलई वर करून मेजाखाली पाहिलं.

निखाऱ्यांवर निळं पाणी सरसरावं तशी ज्योत पळत होती. वरून राख, आत ढेकळं काळीच.

"सनोबर, हे तू बाहेर कितपत पेटवलंस?"

ती म्हणाली, मला शिकवू नका. आईने शिकवलंय तसंच केलं. अंगणात पेटवायचा, निळं जाईपर्यंत थांबायचं, मग आत आणायचा. निळं गेलं, मगच आणला.

तिची आई तुतीचा निखारा आणायची. तुतीच्या निखाऱ्याची निळी ज्योत एकदा थांबली की थांबते. सनोबरने तीच रीत दगडी कोळशाला लावली होती. हा वरून विझल्यासारखा दिसतो, आत मात्र जळत राहतो आणि विष सोडत राहतो. मला हे कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात दर हिवाळ्यात एखादं घर असं झोपलेलं सापडतं आणि सगळे म्हणतात, अल्लाची मर्जी. मी म्हटलं, ही मर्जी मी चालू देणार नाही.

बाळाला माझ्या कोटात घातलं आणि दाराकडे वळले. सनोबर आडवी आली. दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभी राहिली.

"चिल्ल्यातलं बाळ आहे हे. बाहेर बर्फ आहे. तुम्ही मारणार का तिला?"

"बाजूला हो."

"माझी नात आहे, वन्सं. इतक्या वर्षांनी आलीय. उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही मी."

तिच्या डोळ्यांत वेडीपिशी भीती होती. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी पुरतं कळलं, की ती बाळावर माझ्याइतकाच जीव टाकतेय. आमच्या दोघींच्या मधे ते पोर, आणि ते रडतही नव्हतं. रडलं असतं तर बरं वाटलं असतं. गलका ऐकून मिरवोहिद आला. घरचा कर्ता तो, दोघींनी त्याच्याकडेच पाहिलं. तो एकदा कोटाकडे बघे, एकदा सांदलीकडे. कोळसा त्याने आणला होता. तो वाईट आहे असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने केलेलं स्वतःच नाकारणं. तो म्हणाला, ताई, दार थोडंसं उघडू, बाळाला बाहेर नको. भावाला मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा नामर्द म्हटलं.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. झेबी आडवी झाली होती. सनोबरने हाक मारली, उत्तर नाही. धावत जाऊन गालावर चापटी मारली, तरी नाही. चौकट मोकळी राहिलीय हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

मी बाहेर पडले. अंगणातला वारा सुऱ्यासारखा होता. मी कोट उघडला आणि बाळाचं तोंड वाऱ्याकडे केलं. श्वास होता, पण बारीक, मधे मधे अडखळणारा. मिरवोहिदने झेबीला ओढत उंबऱ्याबाहेर आणलं आणि त्याने आणि सनोबरने तिला बर्फात बसवलं. ती ओकली. ओकली म्हणजे जिवंत आहे. पण बाळ ओकलंही नाही, रडलंही नाही.

मिरवोहिदने रुग्णवाहिकेला फोन लावला. येतो म्हणाले, पण रस्त्यावर बर्फाची काच झाली होती, त्यांना दुसऱ्या टोकाहून यायचं होतं. मग इक्रोमला लावला. फोन त्याने माझ्या कानाशी धरला. इक्रोम रांगेत होता, पुढे दोनच गाड्या होत्या. गाडीत गॅसचा थेंब नव्हता. पहाटेपासून तो गाडी हाताने ढकलत पुढे नेत होता. पेट्रोलवर येऊ शकत नव्हता, पंप जळलेला. तो म्हणाला, "आत्या, दोनच गाड्या आहेत. भरतो आणि उडत येतो." मला ओरडायचं होतं, पण ओरडून काय उपयोग. तो धावत निघाला असता तरी गाडीशिवाय काय करणार होता.

समोरच्या घरी उल्मास राहतो. तोही टॅक्सीवाला. गेल्या वर्षी त्याने मिथेनची गाडी विकून चिनी विजेची गाडी घेतली, तेव्हा अख्खा टॅक्सीतळ त्याच्यावर हसला होता. इक्रोमने तर त्या गाडीला धुण्याचं यंत्र हे नाव पाडलं. मिरवोहिदही हसला होता. आता तो रस्ता ओलांडून त्याच उल्मासचं दार दोन्ही हातांनी ठोकत होता.

उल्मास बनियनवर कोट चढवतच आला. बाळाकडे एकदा पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं. मग थांबला.

"रात्री वीज गेली होती. गाडीत चार्ज थोडाच आहे. हीटर लावला तर हॉस्पिटलपर्यंत पोचणार नाही."

"लावू नकोस," मी म्हटलं, "काचाही खाली घे. आम्हाला हवाच पाहिजे."

मी आणि सनोबर मागे, मधे झेबी, मिरवोहिद पुढे. गाडी निघाली ती आवाज न करता. मला त्या शांततेचीच धास्ती वाटली, कारण त्यात बाळाचा श्वास ऐकू येत होता, आणि थांबला की थांबल्याचंही ऐकू येत होतं. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कोटाच्या आतून बाळाला उघड्या छातीशी धरलं होतं आणि तोंड तेवढं बाहेर ठेवलं होतं. एकदा श्वास इतका वेळ आला नाही, की मी त्याच्या तळपायाला नखाने टोचलं. पाय किंचित आखडला. सनोबर पुटपुटत होती, कलमा की माफी, देव जाणे. उल्मासची नजर रस्त्यावर कमी आणि चार्जच्या आकड्यावर जास्त होती. चढावर आकडा भराभर उतरायचा, तशी त्याच्या जबड्याची शीर उडायची.

वाट मिथेनच्या पंपावरूनच होती. रांग दिसली, गाड्या आणि गाड्यांना खांदा लावलेली माणसं. पंपाच्या फाटकाबाहेर, गॅस भरेपर्यंत गाडीतून उतरवलेल्या उतारूंचा घोळका पाय आपटत उभा. इक्रोमने उल्मासची गाडी ओळखली आणि मधेच धावत आला. उल्मासने वेग कमी केला, पण थांबला नाही.

"दार उघड," मिरवोहिद म्हणाला. गाडी चालती असतानाच त्याने उतरायला पाय काढला, बर्फात घसरला, सावरला. "तू बस. बाप आहेस तू तिचा, तुझी जागा तिथे आहे. तुझी गाडी मी ढकलतो."

इक्रोम पुढे बसला आणि मागे वळून आमच्याकडे पाहत राहिला. बाळाकडे बघायची हिंमत होईना म्हणून तो झेबीच्या हाताकडे बघत होता. म्हणाला, पुढे दोनच गाड्या होत्या, मला वाटलं भरून लगेच येईन.

उल्मासने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माझ्यापुढे एकच होती," तो म्हणाला. "आईचा फोन आला होता, ये म्हणून. म्हटलं, भरतो आणि येतो. पोचलो तोवर मयताचा बांधतात तसा तिचा जबडा बांधला होता त्यांनी. दुसऱ्या दिवशी गाडी विकली."

टॅक्सीतळावर तो सगळ्यांना सांगायचा, विजेचा खर्च कमी येतो म्हणून बदलली. लोकांनी मान्य केलं होतं, कारण हिशेब सगळ्यांना कळतो. इक्रोमने मान खाली घातली. धुण्याच्या यंत्राबद्दल पुढे कधी तो बोलला नाही.

हॉस्पिटलच्या चढावर गाडीने कुरकुर केली, पडद्यावर लाल काहीतरी उमटलं आणि वेग मरत गेला. फाटक समोर दिसत होतं. इक्रोम आणि उल्मास उतरले आणि मागून ढकलू लागले, पण मी थांबले नाही. दार उघडलं आणि बाळाला घेऊन धावले. या वयात मी धावू शकते हे मलाच ठाऊक नव्हतं. दारातल्या नर्सने बाळ माझ्या कोटातून उपसलं आणि आत नेलं. माझ्या छातीवर थंड ओल राहिली, बाळाच्या लाळेची.

आम्हाला बाहेर बसवलं. झेबीला दुसऱ्या खोलीत ऑक्सिजन लावला. सनोबर माझ्या शेजारी बसली होती. आमच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. ती सरकली नाही, मीही सरकले नाही. आतून भांड्यांचा आवाज यायचा, पावलांचा यायचा, बाळाचा मात्र नाही. दर वेळी दार उघडलं की सनोबर अर्धी उठायची. एकदा डॉक्टर बाहेर आली, आमच्याकडे न बघता पुढे गेली, आणि सनोबरने माझा हात धरला. तो तिने नंतर सोडला नाही. मलाही सोडवून घ्यावासा वाटला नाही.

दुपार कलायला आली तेव्हा आवाज आला. आधी मांजरीच्या पिलासारखा, मग चिडका, मग चांगला ठणठणीत. भुकेचा तो आवाज होता. सनोबर जमिनीवर बसली आणि कपाळ फरशीला टेकून हमसाहमशी रडली. मी भिंतीकडे तोंड करून रडले, कारण मला लोकांसमोर रडायला आवडत नाही.

मिरवोहिद संध्याकाळ व्हायच्या आत गाडी भरून आला. आम्हाला झेबीपाशी जाऊ दिलं. तिच्या नाकाला नळी होती, बाळ कुशीत पीत होतं. डॉक्टरने सांगितलं होतं, दोघी वाचल्यात, पण त्या खोलीत पुन्हा नेऊ नका. मिरवोहिद पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि घसा साफ करून बोलू लागला. माझ्या भावाला गप्प बसवत नाही. तो म्हणाला, सांदली बुजवून टाकतो. बाजारातून लोखंडी शेगडी आणतो, धुराडं खिडकीतून बाहेर काढतो, कोळसा तिच्यात बिनधोक जळतो. इक्रोम म्हणाला, नको, प्रोपेनची टाकी आणू. मिरवोहिद म्हणाला, प्रोपेन फुटतं. इक्रोम म्हणाला, मग विजेचा हीटर. मिरवोहिद म्हणाला, वीज आहे कुठे. सनोबरने मधेच सुचवलं, पऱ्हाट्या तरी बऱ्या, धूर दिसतो तरी. बघता बघता तिघेही पलंगाच्या वरून एकमेकांशी बोलत होते, जसा काही मधे पलंग नाहीच.

"आई."

झेबीने सासूला हाक मारली होती. मी त्या घरात तिचा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. सून सासऱ्यासमोर बोलत नाही आमच्यात, बोललीच तर ओढणीच्या पदराआडून.

"परवा मी तुम्हाला म्हटलं, डोकं फुटतंय. तुम्ही म्हणालात, चिल्ल्यात दुखतंच. काल पुन्हा म्हटलं. इक्रोमलाही फोनवर म्हटलं."

इक्रोम पलंगापासून मागे सरकला.

"गॅस आणा, कोळसा आणा, काय हवं ते आणा," झेबी म्हणाली. तिला मधे मधे दम लागत होता, पण ती थांबली नाही. "जे आणाल, त्याच्याशेजारी आधी बाबांचं आणि तुमचं अंथरूण घाला. दारं-खिडक्या लावून रात्रभर झोपा. सकाळी उठलात, तर मला आणि हिला बोलवा. तोवर मी माझ्या आईकडे आहे."

मिरवोहिदची मान लाल झाली. तो माझ्याकडे वळला, मोठी बहीण सुनेला काहीतरी समज देईल या आशेने. मी झेबीची चादर खांद्यापर्यंत वर ओढली.

चाळीस दिवस अजून पुरे व्हायचे होते. सनोबरने मुनिसाच्या पिणाऱ्या तोंडाकडे पाहिलं. मग इक्रोमला म्हणाली, "बाहेर जा आणि तिच्या आईला फोन कर. म्हणावं, खोली तयार ठेवा, आम्ही मुलीला उंबरा ओलांडून आणतोय."